टाकीतला बुवा

६ जानेवारी १९९१, रविवार

आज परत एक! सकाळी टाकीचा दिवा लावला तर पिवळा मासा वाळूवर आडवा. शेपटी कुरतडलेली, एक डोळा गायब. आणि बुवा वरच्या दगडाजवळ निवांत फिरतोय, जसं काही घडलंच नाही.

दिवाळीला हे जहाजावरून सुटीवर आले तेव्हा मुंबईहून डब्यात घालून हा मासा घेऊन आले. तोंडावर निळे-पिवळे पट्टे, गंध लावल्यासारखे. आत्याबाईंनी बघताच नाव ठेवलं — बुवा! सगळे हसलो. जाताना हे म्हणाले होते, ‘जरा तापट आहे. रमेल हळूहळू.’ रमला. बाकीच्यांना मारून रमला.

मेलेला मासा आत्याबाईंना दाखवला. सासूला दाखवायचा नाही तर कोणाला, घरात आम्ही दोघीच. चष्मा न लावताच म्हणाल्या, ‘म्हातारा झाला असन.’ म्हातारा! मागच्या वर्षी आणलेला.

शेवग्याखाली पुरला.

७ जानेवारी

शाळेत नवीन आलेल्या बाईंनी विचारलं, तुम्ही घरात समुद्र ठेवलाय म्हणे? दीपनगरात? हसून टाळलं. मी कुठे ठेवला? यांनी ठेवला. सोळा वर्षं जहाजावर फिटर, इंजिनाच्या पोटात. रावेरजवळच्या केळीवाल्या घरातून समुद्रावर गेलेला पहिला माणूस. गावात अजून ‘जहाजवाला’ म्हणतात. चार वर्षांपूर्वी एका सुटीत पुढच्या खोलीत चार फुटी काच उभी केली, आणि प्रवाळाचे दगड एकावर एक स्वतः रचले. कमानी, गुहा, कोनाडे. आठवडाभर दुसरं काही सुचत नव्हतं त्यांना. ‘कुंदा, दगडाला हात लावायचा नाही. एक हलला तर सगळं ढासळेल.’ मग गेले जहाजावर. राहिले मी! पाण्याचा खारेपणा मोजा, काच पुसा, थंडीत हीटर, उन्हाळ्यात बर्फाच्या पिशव्या. औष्णिक केंद्राची वसाहत, वीज जात नाही, म्हणून निभावलं.

पण खोटं कशाला लिहू. आवडते मला टाकी. शाळेतून येऊन समोर बसलं की डोकं शांत होतं. म्हणून तर जीव तुटतो.

९ जानेवारी

हिलालभाऊ दोन कॅन पाणी देऊन गेले. ते रेल्वेत पार्सलच्या डब्यावर असतात, भुसावळ-मुंबई. यांचे जुने दोस्त. मुंबईचा मासेवाला समुद्राचं पाणी कॅनमध्ये भरून देतो, हे आणून पोचवतात. मूळचे शिरपूरकडचे. टाकीपुढे उकिडवे बसून बघत राहिले. ‘ताई, हाऊ बठ्ठास्ले खाई टाकी.’

आतून आत्याबाई — ‘तुह्यं काय खाल्लं रे त्यानं?’

हे आत्याबाईंचं नवीनच. टाकी आली तेव्हा गळ्यातली माळ हातात धरून महिनाभर पुढच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं — घरात मासोयी! आता दुपारभर टाकीसमोर पाट मांडून बसतात. बुवाला उकडलेले वाटाणे देतात. बोटाने! तो येतो आणि घेतो. मी त्याला कोळंबीचा तुकडा टाकते ते आपल्याला दिसत नाही असं त्यांनी ठरवून टाकलंय. येईल त्याला सांगतात, ‘आमचा बुवा मायकरी हाय.’ माळकरी म्हणे!

मला मूल नाही त्यावरून या बाई चौदा वर्षांत एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणून मीही पुष्कळ गिळते.

१२ जानेवारी

शनिवार, अर्धी शाळा. दुपारी जाळी घेऊन बसले. पकडायचा आणि हिलालभाऊंबरोबर दुकानात परत पाठवायचा, असं ठरवलं होतं. इथे सोडणार कुठे? तापीत सोडला तर गोड्या पाण्यात तडफडून मरेल.

नाही सापडला. डोळे कसे फिरतात त्याचे, एक इकडे, एक तिकडे! जाळी पाण्यात गेली की हा कपारीत. कपारीत शिरला की पाठीवरचा काटा ताठ उभा करतो, आतून कडी लावल्यासारखा. ओढून निघत नाही. मरेल पण निघणार नाही. आणि आवाज करतो — गुर्र, गुर्र! मासा गुरगुरतो हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

दगड काढल्याशिवाय तो हाती लागणार नाही. आणि दगडाला हात लावायचा नाही. झालं!

१४ जानेवारी, संक्रांत

आत्याबाईंनी बुवाला तिळगूळ टाकला! पाणी नासतं म्हणून मी चमच्याने काढून घेतला. ‘सणाच्या दिवशी तोंडचा घास काढते माय ही!’

दिवसभर अबोला.

१७ जानेवारी

लढाई सुरू झाली. सकाळी रेडिओ लावला तर बगदादवर बॉम्ब. तव्यावरची पोळी करपली. हे तिकडेच आहेत! तेलाच्या टँकरवर, आखातात. डिसेंबरात शेजारी भारंब्यांकडे फोन आला होता — दम्मामहून बोलतोय, सगळं ठीक आहे, आम्ही लांब असतो. लांब म्हणजे किती? शाळेत भिंतीवरच्या नकाशात बघितलं. दम्माम आणि कुवेत, मध्ये माझं नखसुद्धा मावत नाही.

एका मुलीने विचारलं, ‘बाई, काय शोधताय?’

१८ जानेवारी

फोन नाही.

१९ जानेवारी

नाही.

२० जानेवारी, रविवार

जोडीतली मोठी गेली. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली ती जोडी — यांनी टाकीत सोडलेले पहिले मासे. दोघं सतत एका कोपऱ्यात, त्या हलत्या फुलासारख्या प्राण्याच्या कुशीत. बुवाने तिला माझ्या डोळ्यांदेखत मारलं. हात घातला सोडवायला तर माझ्या बोटाला चावला, रक्त आलं. धाकटा आता पंपाच्या नळीमागे अंग चोरून उभा. खातच नाही.

मी ओरडले, बस झालं! आत्ताच्या आत्ता सगळे दगड काढते!

आत्याबाई पाटावरून उठल्या आणि माझं मनगट धरलं. इतकं घट्ट कधी कोणी धरलं नव्हतं. ‘नाही काढायचा. ज्यानं आनला तो लढाईत हाय. हा जवर टाकीत फिरतो तवर माह्यं पोरगं तठी बरं हाय. समजलं?’

मी विज्ञान शिकवते. हे कसं समजायचं? पण हात पुसला आणि बाजूला झाले.

२२ जानेवारी

लाज वाटते लिहायला. मीही आता सकाळी उठले की आधी बुवा बघते. दिसला की बरं वाटतं! मग स्वतःचाच राग येतो.

भारंबेवहिनी म्हणाल्या, कंपनीत फोन का नाही करत? कसा करू? यांची सक्त ताकीद आहे — ऑफिसला फोन करायचा नाही, घरच्यांनी फोन केले की माणसाचं नाव खराब होतं, पुढचं जहाज मिळत नाही. चौदा वर्षांत एकदाही केला नाही.

आत्याबाई मात्र घोरतात.

२७ जानेवारी

टीव्हीवर समुद्र दाखवला. तेल सांडलंय. काळं, जाड पाणी, किनाऱ्यावर लोळत येणारं. त्यात एक पक्षी, पंख उचलायला बघतो आणि उचलले जात नाहीत. आत्याबाईंनी टीव्ही बंद केला. ‘नको पाहू.’

टाकीत बघितलं तर तारामाशाचे दोन पाय खाल्लेले. धाकट्याचं एका बाजूचं पर गेलंय, तिरका पोहतो.

बुवाने आज वाटाणे घेतले नाहीत. पोट भरलं असेल.

२ फेब्रुवारी

उद्या काढणार. कोणी काही म्हणो. एवढे दिवस बुवाला फिरू दिलं, फोन आला का? नाही. मग? त्याच्या फिरण्याने जर काही होत नसेल तर धाकट्याने का मरायचं?

लिहिताना सोपं वाटतं.

३ फेब्रुवारी, रविवार

केलं! बोटं खरचटलीत, मिठाने चुरचुरतात.

सकाळी आत्याबाईंना सांगितलं. जपाची माळ घेतली आणि भारंब्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या, आमच्या घराकडे पाठ करून.

घरातल्या सगळ्या बादल्या, पातेली, कपड्यांचा टब मांडला. नळीने पाणी उतरवलं. आधी धाकट्याला वाटीने उचललं. तो आपणहून वाटीत आला, त्यालाही कंटाळा आला असेल लपायचा. मग दगड. पहिला उचलला तेव्हा रडू फुटलं. एकाची खोबण दुसऱ्याच्या कण्यावर किती बरोबर बसवली होती यांनी! कुठेही चुना नाही, सिमेंट नाही, नुसता तोल. आणि मी आपली उपटतेय, टबात टाकतेय. पाणी गढूळ, घरभर मासळीबाजाराचा वास. बुवा दरवेळी उरलेल्या दगडांत शिरायचा. शेवटी एकच दगड राहिला, आणि त्यात तो. काटा उभा. गुर्र.

दगडासकट उचलला. काय जड! साडी ओली, दगडातून पाणी गळतंय, आत तो गुरगुरतोय. पोटाशी धरून मोरीपर्यंत नेला आणि टाकीच्या पाण्याच्या बादलीत सोडला, हवेची नळी लावली. बसले तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर. कितीतरी वेळाने आपला आपण बाहेर आला. बादलीत गोल फिरला एकदा. एवढासा! टाकीत केवढा वाटायचा.

संध्याकाळपर्यंत दगड परत ठेवले. रचले म्हणवत नाही, ठेवले. ढीग झालाय नुसता. धाकटा मात्र त्या ढिगात हिंडला. कोपरा न् कोपरा. तिरका तिरका.

आत्याबाई दिवेलागणीला आल्या. टाकीकडे बघितलंसुद्धा नाही. वाटाणे घेऊन सरळ मोरीत. बादलीपाशी बसल्या आणि बोलल्या. माझ्याशी नाही, त्याच्याशी — ‘आता काही झालं तं मी कोनाले विचारू?’

६ फेब्रुवारी

‘आता काही झालं तं’ — तीन दिवस डोक्यात हेच. आज राहवलं नाही. शाळा सुटल्यावर भुसावळला गेले, एसटीडी बूथवरून यांच्या ऑफिसला फोन लावला. ताकीद गेली खड्ड्यात.

सुकदेव वामन चौधरी, फिटर. जहाज कुठे आहे त्यांचं?

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग — ‘बाई, चौधरी मे महिन्यातच उतरला. नंतर आमच्याकडे नाही.’

म्हटलं, दुसरा कोणी चौधरी असेल. ‘रावेरचाच ना?’ हो, रावेरचा. मग दुसऱ्या कंपनीच्या जहाजावर असतील? ‘ते ठाऊक नाही. पण त्याला आता जहाजावर कोणी घेईल असं वाटत नाही.’ का? का घेणार नाही? तो म्हणाला, हे त्यालाच विचारा. आणि फोन ठेवला.

बूथवाला म्हणाला, बाई, बसा जरा.

मे. मग दिवाळीला आले ते कुठून आले?

७ फेब्रुवारी

जिवंत आहे माणूस. लढाईत नाही. देवापुढे दिवा लावायला हवा ना? हात जात नाही.

दुसरी बाई असेल. मुंबईत घर केलं असेल. नाहीतर तुरुंगात असतील, चोरटा माल आणताना पकडले असतील. नाहीतर आजारी. रात्रभर एक एक धरते आणि सोडते. आत्याबाईंना काय सांगू?

मुंबईत माझ्या ओळखीचं ठिकाण एकच. क्रॉफर्ड मार्केटजवळचं माशांचं दुकान, पाण्याचे कॅन येतात तेच. लग्नानंतर... नाही, टाकी केली त्या वर्षी यांनी नेलं होतं. यांचं तिथे येणं-जाणं आहे. दुकानदाराला काहीतरी ठाऊक असेल. बुवालाही तिथेच द्यायचाय. आत्याबाईंना एवढंच सांगितलं, मासा परत करून येते.

‘जाय,’ म्हणाल्या. बस.

८ फेब्रुवारी

हिलालभाऊंना विचारायला गेले, उद्याच्या गाडीने येते, डबा तुमच्याजवळ ठेवाल का. चेहरा उतरला त्यांचा. ‘ताई, तुमीन नका येवा. मासा मी पोचाडी देसू.’

नाही, मला यायचंच आहे.

‘गर्दी ऱ्हास, ताई. तरास व्हई.’

माझ्याकडे बघत नव्हते. घरी येताना रिक्षात लक्षात आलं. या माणसाला ठाऊक आहे!

१० फेब्रुवारी, रविवार

काल गेले, आज सकाळी परत आले. आत्याबाई झोपल्यात. लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.

गाडीत दिवसभर बुवाचा डबा मांडीशी. पाण्यात हवा राहावी म्हणून पेल्याने पाणी उपसायचं आणि वरून परत ओतायचं. शेजारची बाई म्हणाली, तीर्थ आहे का? हो म्हटलं.

हिलालभाऊ व्हीटीपासून पुढे पुढे चालत होते. दुकानाच्या गल्लीच्या तोंडाशी थांबले. ‘ताई, त्यास्नी माले आन घालेल व्हती.’ शपथ घातली होती म्हणे! आणि तिथेच उभे राहिले.

दुकानात काचेच्या टाक्या, भिंतभर. आत एक माणूस पाठमोरा, शर्टाच्या बाह्या खांद्यापर्यंत सरकवलेल्या, दोन्ही हात एका टाकीत. तळ घासत होता. पाठ ओळखली मी.

‘अहो,’ म्हटलं. वळले नाहीत. परत म्हटलं, मोठ्याने. नाही वळले. मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतायत. एवढी हिंमत? डबा जोरात काउंटरवर ठेवला. काउंटर हलला तेव्हा वळले.

आधी डबा बघितला. मग मला. मग परत डबा. आणि पहिला शब्द काय? ‘दगड काढलेस?’

सगळे! म्हटलं. सगळेच्या सगळे!

मग मी काय काय बोलले ते धड आठवत नाही. रोज बातम्या ऐकत होते. टीव्हीवर तेलात माखलेला पक्षी बघितला आणि जेवले नाही. तुमची आई माशाला तुमचा जीव समजून सांभाळत होती. गिऱ्हाईक दारातूनच मागे फिरलं. त्यांनी मान वळवली, उजवी बाजू माझ्याकडे केली. ‘या कानाशी बोल, कुंदा. त्याने काहीच ऐकू येत नाही.’

इंजिनाच्या आवाजाने गेला. डावा पूर्ण, उजवा निम्मा. मेच्या तपासणीत नापास केलं. दिवाळीत मोठमोठ्याने बोलत होते तेव्हा मला वाटलं होतं जहाजाची सवय!

‘मग घरी का नाही आलात?’

‘येऊन काय सांगू? केळीच्या शेतात निंबाच्या हाताखाली राबू? गावात पोरांना माझं नाव घेऊन सांगतात — शीक, त्याच्यासारखा जहाजावर जा. त्यांना सांगू, मी टाक्या घासतो?’

निंबा म्हणजे धाकटे दीर. गावी शेती तेच बघतात.

‘आणि फोन? लढाई लागल्यावर तरी?’

‘काय सांगणार होतो फोनवर? कुठल्या बंदरात आहे म्हणून?’

बोलता बोलता त्यांनी बुवाच्या डब्यात दुकानातल्या टाकीचं पाणी थोडं थोडं ओतायला सुरुवात केली होती. पेलाभर घालायचं, थांबायचं, परत घालायचं. एकदम सोडला तर झटका बसतो. मी एवढं बोलतेय आणि या माणसाचे हात इतके सावकाश! तेव्हा खरा राग आला. आणि तेव्हाच बघितलं, की हात पांढरे पडलेत. सतत पाण्यात राहून माणसाचे पडतात तसे.

‘हा दोनदा परत आलेला आहे,’ म्हणाले. ‘कोणी ठेवत नाही. मालक फेकून देणार होता. म्हणून दिवाळीत घरी आणला.’

आमच्यासाठी आणायला तुमच्याकडे एवढंच होतं?

डब्यात आणखी पेलाभर पाणी घातलं. ‘येऊ का घरी?’

मी म्हटलं, मला नका विचारू. तोंडातून तेच निघालं. डबा तिथेच ठेवला आणि निघाले. गल्लीच्या तोंडाशी हिलालभाऊ अजून उभे होते. परतीच्या गाडीत बायकांच्या डब्यात बसले.

१२ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सांगितलं आत्याबाईंना. सगळं. जहाजावर नाहीत, मेपासून नाहीत. मुंबईत आहेत, माशांच्या दुकानात काम करतात. कानाने ऐकू येत नाही. आपल्याशी खोटं बोलले. हळू, एकेक वाक्य सांगितलं, शाळेत सांगते तसं.

त्या ताटात भगर वाढत होत्या. माझं संपेपर्यंत पळी हातात तशीच. मग म्हणाल्या, ‘भगर थंडी होऊन राह्यली. खाय.’

एवढंच!

१५ फेब्रुवारी

नवऱ्यावर चिडायचं तर त्याचे पांढरे हात दिसतात. कीव करायची तर जानेवारीच्या रात्री आठवतात. धड काहीच होत नाही.

धाकटा ढिगातल्या एका फटीत रमलाय. खातो. बुवाची आठवण येते, हे कोणाला सांगू?

१८ फेब्रुवारी

आज ओट्यावरून ऐकलं. आत्याबाई भारंबेवहिनींना सांगत होत्या, ‘लढाई सरली का माह्या सुकदेवचं जहाज येतं पाहा. तेल घेऊन.’

म्हणजे त्या दिवशी त्यांनी ऐकलंच नाही? की ऐकलं आणि डोक्यात शिरलं नाही? रात्री परत विषय काढला. आत्याबाई, हे मुंबईत आहेत, मी भेटून आलेय. ‘हो माय,’ म्हणाल्या आणि कूस बदलली.

२१ फेब्रुवारी

दुधवाल्याला सांगितलं — पोरगा जहाजावर हाय. दवाखान्यातल्या नर्सबाईंना सांगितलं. निंबाभावजी गावाहून केळी घेऊन आले होते, त्यांनाही! मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. भावजींसमोर सांगावं का, नाही, ओठापर्यंत आलं आणि राहिलं.

सत्तरी ओलांडली आहे. वसाहतीतल्या डॉक्टरांना विचारते. धक्क्याने होतं म्हणतात असं कधी कधी. माझ्यामुळे झालं. एवढं सरळ सांगायला नको होतं. जेवताना, उपासाच्या दिवशी!

टाकीसमोर पाट मांडून बसतात. रिकाम्या दगडांकडे बघत.

२८ फेब्रुवारी, होळी

लढाई थांबली. सकाळीच बातमी. आत्याबाईंना सांगितलं मात्र, पुरणाचा घाट घातला. इतक्या पोळ्या! भारंब्यांकडे, पलीकडच्या बिल्डिंगीत, सगळीकडे स्वतः वाटून आल्या. ‘आता जहाज निघालं असन तठून.’ लोक म्हणाले, वा आजी, तोंड गोड करा. मी मागे उभी. काय करू, सगळ्यांसमोर हात धरून ओढत आणू?

डॉक्टरांची वेळ घेतलीय. सोमवारी.

२ मार्च

संध्याकाळी भारंब्यांकडे फोन आला. मी बाजारातून परततच होते. आत्याबाई माझ्या आधी पोचलेल्या, रिसीव्हर दोन्ही हातांत. दारातूनच ऐकलं. ओरडून बोलत होत्या. एकेक शब्द सुटा, थांबून थांबून, बहिऱ्याशी बोलावं तसा.

‘लढाई... सरली... ना? बरं झालं... बाप्पा. जहाज... लागलं का... मुंबईले? लागलं? मंग आता... घरी ये. लय झाला समुद्र. थकला असशीन.’

फोन ठेवला. मी म्हटलं, आत्याबाई, मी तुम्हाला सांगितलं होतं —

‘सांगतलं. समजलं बी.’ डोक्यावरचा पदर सारखा केला. ‘त्याले नको सांगू.’